कॉलेजच्या संशोधन केंद्राकडून काय घ्यावं, काय घेऊ नये

इंजिनिअरिंग कॉलेजचं संशोधन केंद्र उद्योगाला साधारण चार गोष्टी देतं: नमुन्यांची चाचणी, प्राध्यापकांचा सल्ला, प्रायोजित संशोधन आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प. चारही एकाच दारातून मिळतात, म्हणून चारहींचा दर्जा सारखाच असेल असं अनेक जण धरून चालतात. तो सारखा नसतो. चाचणी आणि तुटलेल्या भागाचं विश्लेषण ही यातली सर्वांत भरवशाची सेवा. ठरलेल्या तारखेला विक्रीयोग्य वस्तू हवी असेल, तर मात्र इथे येऊ नये.

चाचणीसाठी जाताना यंत्रांची यादी पाहू नका, लॉगबुक पाहा. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी सलग असतील तर यंत्र चालू आहे. नोंदी फक्त प्रॅक्टिकलच्या दिवसांपुरत्या असतील तर ते शिकवण्यासाठी ठेवलेलं यंत्र आहे. दुसरा प्रश्न: यंत्र चालवतं कोण? कायम नेमणुकीचा तंत्रज्ञ असेल तर उत्तम. एखादा पीएचडीचा विद्यार्थीच ते चालवत असेल, तर प्रबंध सादर झाला की त्याच्याबरोबर कौशल्यही जातं आणि पुढचे कित्येक महिने यंत्र नुसतं उभं राहतं.

आयएसओ/आयईसी १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता अख्ख्या कॉलेजला नसते. ती ठरावीक चाचण्यांना, ठरावीक पद्धतीने आणि ठरावीक मर्यादेत मिळते. प्रमाणपत्राबरोबरच्या परिशिष्टात आपली चाचणी नसेल, तर तिच्या अहवालाला त्या मान्यतेचा आधार नाही. ग्राहकाला दाखवायचा अहवाल असेल तर परिशिष्ट आधी मागवा, नमुना नंतर पाठवा.

ताण चाचणीत, म्हणजे नमुना तुटेपर्यंत ओढण्याच्या चाचणीत, चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. १०० किलोन्यूटनच्या लोडसेलवर (यंत्रातल्या बल मोजणाऱ्या भागावर) ३००–४०० न्यूटनला तुटणारी प्लॅस्टिकची पट्टी लावली, तर आकडा येतो पण त्यावर विसंबता येत नाही. लहान लोडसेल आहे का ते विचारा. दुसरी चूक एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे थेट नमुन्यावरच लांबीतली वाढ मोजणारं उपकरण, न लावण्याची. क्रॉसहेडच्या (नमुना ओढणाऱ्या सरकत्या आडव्या भागाच्या) हालचालीवरून नमुना किती लांबला याचं मोजमाप काढलं की जबड्यातली घसरण आणि यंत्राच्या सांगाड्याची लवचीकताही त्यात मिसळते. अहवालात पोलादाचा यंग मॉड्युलस (ताणाला विरोध करणारा ताठरपणा) सुमारे २०० गिगापास्कलऐवजी त्याच्या निम्म्याहून कमी दिसला, तर दोष बहुधा पोलादाचा नसून मोजण्याचा असतो. तिसरी गोष्ट गेज लांबीची, म्हणजे नमुन्यावरच्या ज्या ठरावीक लांबीत वाढ मोजतात तिची. १० मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यावर व्यासाच्या पाचपट म्हणजे ५० मिलिमीटर गेज धरली की लांबीतली टक्केवारी वाढ एक येते, चारपट म्हणजे ४० धरली की जास्त येते, कारण तुटण्याआधी नमुना बारीक होऊन मान पडते त्या भागातलं ताणणं कमी लांबीत मोजलं जातं. अहवालात गेज लांबी लिहिलेली नसेल तर दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवूच नका.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. त्याला जोडलेल्या ईडीएसवरून (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या उपकरणावरून) पोलादाची ग्रेड सांगा, अशी मागणी नेहमी होते. कार्बन ०.२ टक्के की ०.४५ टक्के, हे त्यावरून विश्वासाने कळत नाही: कार्बन हलकं मूलद्रव्य आहे आणि नमुन्याच्या पृष्ठभागावर बाहेरचा कार्बनही साचतो. त्यासाठी स्पार्क स्पेक्ट्रोमीटरसारखं (ठिणगीच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजणारं) यंत्र हवं. वीज न वाहणाऱ्या नमुन्यावर सोन्याचा पातळ थर देतात. ईडीएसच्या आलेखात सोन्याची रेषा फॉस्फरस आणि गंधकाच्या रेषांना जवळजवळ झाकते. ही दोन मूलद्रव्यं शोधायची असतील तर कार्बनचा थर द्यायला आधीच सांगा. चांगल्या केंद्रातला तंत्रज्ञ हे स्वतःहून विचारतो. असा माणूस भेटला की ती लॅब सोडू नये.

तुटलेला भाग पाठवताना दोन तुकडे एकमेकांत बसवून पाहू नका. त्या घासण्याने भेगेच्या उगमाच्या खुणा पुसल्या जातात. तुटलेल्या पृष्ठभागाला हात लावू नका, कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आणि भाग मोठा असेल तर गॅस कटरने न कापता तुटलेल्या जागेपासून लांब करवतीने कापा. सोबत ड्रॉइंग, उष्णता प्रक्रियेची नोंद आणि तो भाग किती तास चालला ते द्या. एवढं दिलं तर अनुभवी प्राध्यापकाच्या एका तासाच्या सल्ल्यातून जे हाती लागतं, ते दहा चाचण्यांनीही लागत नाही.

संगणकीय विश्लेषण कॉलेजकडून करून घेताना सॉफ्टवेअरचा परवाना विचारा. शैक्षणिक परवान्यात व्यावसायिक कामाला सहसा मनाई असते, आणि त्यातून निघालेला अहवाल वापरणं कंपनीच्याच अंगाशी येऊ शकतं.

आता भागीदारी. सामंजस्य करारावर सह्या झाल्या म्हणजे काम सुरू झालं असं नाही. तो बहुतेक वेळा नुसतं इरादापत्रच असतो. खरा करार प्रकल्पनिहाय असतो. त्यात कोणाकडे आधीपासून कोणतं ज्ञान होतं आणि प्रकल्पातून निघालेलं कोणाचं, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. प्रसिद्धीचा मुद्दा सर्वांत नाजूक. प्राध्यापकाला शोधनिबंध हवा, विद्यार्थ्याला पदवी हवी, आणि दोन्ही मागण्या रास्त आहेत. म्हणून ‘प्रसिद्ध करू नये’ असं लिहून घेण्याऐवजी, मसुदा कंपनीला ३० ते ६० दिवस आधी दाखवावा असं कलम घाला आणि तेवढ्यात पेटंटचा अर्ज करा, कारण आधी प्रसिद्ध झालेल्या शोधाला पेटंट सहसा मिळत नाही. अमेरिकेत संशोधकाने स्वतः प्रसिद्धी केल्यावर अर्जासाठी एक वर्षाची मुभा आहे. युरोपीय पेटंटमध्ये अशी सर्वसाधारण मुभा नाही. ग्रंथालयात सर्वांसाठी खुला झालेला प्रबंध ही सुद्धा प्रसिद्धीच, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

वेळेचं गणितही जुळत नाही. पीएचडीला तीन ते पाच वर्षं लागतात, कंपनीला उत्तर सहा महिन्यांत हवं असतं. तंत्रज्ञानाची तयारी नासाच्या १ (मूळ तत्त्व) ते ९ (प्रत्यक्ष वापरात सिद्ध) या पातळ्यांवर मोजली, तर कॉलेजचं बळ साधारण चौथीपर्यंत असतं आणि कंपनीला सातवीच्या पुढचं हवं असतं. मधली पायरी ओलांडायला वेगळी माणसं लागतात. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचं काम मुख्यतः याच टप्प्यात चालतं. तिथल्या संस्थांचे संचालक बहुधा विद्यापीठात प्राध्यापकही असतात. ज्या केंद्रात नमुना-यंत्र बांधणारा पूर्णवेळ अभियंता नाही, तिथे प्रायोजित प्रकल्पाला अहवाल, मोजमापं आणि प्रयोगशाळेतला नमुना इतकंच लक्ष्य द्या. तेवढं ही केंद्रं मनापासून आणि चांगलं करतात.

विद्यार्थ्यांचा प्रकल्प एका सेमिस्टरचा असतो. परीक्षा, सुट्ट्या आणि सादरीकरणं वगळली तर हातात जेमतेम दहा-बारा आठवडे राहतात. एकच प्रश्न द्या, त्याची माहिती पहिल्या आठवड्यात द्या आणि दर आठवड्याला आपल्या अभियंत्याचा एक तास राखून ठेवा. हा तास दिला नाही तर प्रकल्प पुस्तकी होतो, आणि त्यात दोष मुलांचा नसतो.

प्रकल्प संपताना पीडीएफ अहवालावर समाधान मानू नका. यंत्रातून निघालेल्या मूळ आकड्यांच्या फाइल, प्रोग्रामचा कोड, ड्रॉइंगच्या संपादन करता येणाऱ्या फाइल, प्रयोगवहीची प्रत आणि उरलेले नमुने, खूण आणि तारखेसह, ताब्यात घ्या. ही यादी करारातच घाला आणि शेवटचा हप्ता तिच्याशी जोडा.