आठ ओहमचे स्पीकर, शंभर व्होल्टचे पैसे

आमचं घर बेळगावात, खानापूर रस्त्याला. पुढं मोठं अंगण, मागं विहीर, मधे आंबा-फणसाची झाडं. गुडघ्यांमुळे आप्पा आता घराबाहेर फारसे पडत नाहीत, दिवसभर अंगणातच असतात. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीत जन्मलेले, त्यामुळे त्यांची निर्गुणी भजनं आप्पांना घरची वाटतात. फाटकापाशी बसा की विहिरीपाशी, हळू आवाजात गाणं कानावर पडावं एवढीच त्यांची हौस. त्यासाठी सहा स्पीकर लावायला गेलो आणि 64,000 रुपयांना फसलो. घरी, मंगल कार्यालयात किंवा देवळाच्या आवारात कुणी असं काम काढणार असेल तर त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

वायर साठ मीटर लागणार होती. एवढ्या लांब आणि इतक्या स्पीकरांना शंभर व्होल्ट लाईन योग्य, हे मी चौकशी करून ठरवलं होतं. ॲम्प्लिफायर लाईनवर शंभर व्होल्टपर्यंत दाब देतो आणि प्रत्येक स्पीकरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. शंभर वॉट पाठवायचे तर आठ ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) साध्या जोडणीत साडेतीन अँपियर करंट जातो, इथं फक्त एक. करंट कमी म्हणून वायरमधला तोटाही कमी, आणि शेवटचा स्पीकरही पहिल्याइतकाच वाजतो.

ओळखीतल्या एका लग्नात साऊंड लावलेला माणूस आला. कोल्हापूरकडचा. कोटेशनमध्ये त्याने सगळं बरोबर लिहिलं: 240 वॉटचा ॲम्प्लिफायर, पावसात टिकणारे सहा स्पीकर, प्रत्येकाचं टॅपिंग (म्हणजे ट्रान्सफॉर्मरने लाईनवरून किती वॉट घ्यायचे ते) पंधरा वॉटवर, दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. सहा गुणिले पंधरा म्हणजे नव्वद वॉट. हिशेब चोख होता, म्हणूनच माझा विश्वास बसला. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला लागतंय दादा? उगीच टॅक्स भरायचा. मी हाय की, काय झालं तर येऊन करून सोडतो." हातात आला तो एस्टिमेटचा कच्चा कागद. काम संपल्यावर सगळी खोकी त्याने आपल्या गाडीत भरून नेली. "कचरा कशाला तुमच्याकडं" म्हणाला, आणि आम्हाला ते चांगुलपणाचं वाटलं.

पाडव्याला गाणं सुरू झालं. फाटकाजवळचे दोन स्पीकर मात्र कान लावल्याशिवाय ऐकू येत नव्हते. फोन केला तर उत्तर मिळालं, "लांब हायत नव्हं, तेवढं व्हतंच." इथंच मी थांबायला हवं होतं. लांबच्या स्पीकरचा आवाज पडू नये म्हणूनच तर ही पद्धत घेतली होती.

मिरगाचा पाऊस लागला आणि आठवड्यात दोन स्पीकर खरखरून बंद पडले. पाठोपाठ ॲम्प्लिफायर जळाला. वडगावच्या एका जुन्या रेडिओ मिस्त्रींना घरी आणलं. त्यांनी वायर सोडवली, एकेका स्पीकरला मीटर लावला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ बाळा, सहा-सात ओहम दाखवतंय. आत ट्रान्सफॉर्मर असता तर एवढं कमी दाखवलं नसतं."

सहापैकी चार स्पीकर साधे, आठ ओहमचे, घरात वापरायचे, नुसत्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेले. ट्रान्सफॉर्मर फक्त फाटकाजवळच्या दोघांत. पण साधे स्पीकर शंभर व्होल्टवर जोडता येत नाहीत, म्हणून त्याने सगळी लाईन ॲम्प्लिफायरच्या चार ओहमच्या टोकाला दिली होती. तिथं पंधरा-सोळा व्होल्टच मिळतात, म्हणजे त्या दोन चांगल्या स्पीकरांना अर्धा वॉटही पोचत नव्हता. उरलेले चार मिळून दोन ओहम होतात, आणि ओहम जितके कमी तितका ॲम्प्लिफायरवर बोजा जास्त. एवढा बोजा रोज सोसून ॲम्प्लिफायर गेला. त्याच्या पाठीवरचं 240 चं स्टिकर मिस्त्रींनी नखाने सोललं, तर खाली 60 छापलेलं. वायर ब्लेडने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. ओल लागून सांध्यांवर पांढरी भुकटी धरली होती. आप्पा खुर्चीतून सगळं बघत होते. "माझ्यामुळं तुझे पैसे गेले," म्हणाले. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

त्या माणसाला फोन केला. आधी टाळाटाळ, मग सरळ, "केस घालायची तर कोल्हापुरात येऊन घाला." आपल्याकडं हद्दीपलीकडून येऊन काम करणारे पुष्कळ आहेत, बहुतेक प्रामाणिक आहेत, पण या धमकीला घाबरून लोक गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे मला बेळगावातच. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या हेल्पलाइनवरही मी नोंद केली आहे. कच्चा कागद, फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद आणि उघडलेल्या स्पीकरांचे फोटो जोडलेत. पक्कं बिल असतं तर काम सोपं झालं असतं. त्यावरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, कर्नाटकाचा 29 आणि महाराष्ट्राचा 27, म्हणजे दुकान कुठलं ते तिथंच कळतं.

काम करून घेताना खोकी आपल्या समोर उघडायला लावा आणि ती घरातच ठेवून घ्या. भिंतीवर चढवण्याआधी प्रत्येक स्पीकरला मीटर लावायला सांगा, वायरचं टोक खरवडून बघा. मिस्त्रींना या सगळ्याला दहा मिनिटं लागली. ट्रान्सफॉर्मरवाले दोन स्पीकर त्यांनी धुऊन-पुसून त्यांच्याकडच्या एका जुन्या शंभर व्होल्टच्या ॲम्प्लिफायरवर लावून दिले, एक फाटकाशी, एक विहिरीपाशी. मजुरी घेतली नाही, चहा तेवढा घेतला.