बोअरच्या तोंडावरील व्हॉल्व्ह-जोडणी: एका कांदेबागेनंतरचा अनुभव

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या मळ्यात कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस होणाऱ्या केळीच्या, लागवडीआधी बोअरच्या तोंडावर नवी जोडणी बसवून घेतली. हवेचा व्हॉल्व्ह, दाबाचे गेज, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे परतू न देणारा), गेट व्हॉल्व्ह, ग्लोब व्हॉल्व्ह (प्रवाह कमी-जास्त करणारा) आणि हायड्रोसायक्लोन (पाण्याला गिरकी देऊन वाळू वेगळी करणारा) असा तिचा क्रम आहे. एकाच गेट व्हॉल्व्हवर काम भागेल, असे दुकानदाराचे मत होते. मात्र स्वतंत्र ग्लोब व्हॉल्व्हवर केलेला खर्च मला आज सर्वांत सार्थ वाटतो.

गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असतो. तो अर्धवट उघडा ठेवला की वाळूमिश्रित पाण्याच्या माऱ्याने त्याची पाती व बैठक झिजते आणि पुढे तो नीट बंदच होत नाही. तेल-वायूच्या विहिरींवरही हीच शिस्त पाळतात: विहिरीच्या तोंडावरील ‘ख्रिसमस ट्री’ म्हणवल्या जाणाऱ्या जोडणीतील मास्टर म्हणजे मुख्य व्हॉल्व्हने प्रवाह कमी-जास्त करत नाहीत, ते काम पुढच्या चोकचे, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या भागाचे, असते आणि झिजणारा भाग तेथेच बदलता येतो. तेथे दाब बहुधा भूगर्भातूनच येतो, तर आपल्याकडे पंपाला पाणी ओढून आणावे लागते, हा फरक अर्थातच मोठा आहे.

खरा फायदा वाळूच्या बाबतीत झाला. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतील बोअरमधून पंपाने क्षमतेबाहेर पाणी ओढले, की पातळी झपाट्याने खाली जाते आणि बारीक वाळू वर येते. ग्लोब व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत पाणी स्वच्छ येईपर्यंत प्रवाह कमी केला, तेव्हा गेजवरचा दाब वाढला, स्टार्टरवरील अँपिअर थोडे उतरले आणि ठिबकच्या जाळी फिल्टरची सफाई पूर्वीपेक्षा बरीच कमी वेळा करावी लागली. तरीही व्हॉल्व्ह हवा तितका आवळता येत नाही, कारण पाणबुडी मोटर भोवतालच्या वाहत्या पाण्यानेच थंड राहते. शिवाय प्रवाह फार घटला तर हायड्रोसायक्लोनमध्ये पाण्याला पुरेशी गिरकी मिळत नाही व वाळू पुढे निसटते. म्हणून हायड्रोसायक्लोन पाइपाच्या मापावरून न घेता प्रत्यक्ष प्रवाहावरून निवडावा.

तक्रारीही आहेत. सोबत आलेल्या साध्या गेजचा काटा इतका थरथरे की आकडा वाचणे अवघड होई. ग्लिसरीन भरलेले गेज लावल्यावर तो स्थिर झाला. हवेच्या व्हॉल्व्हमधील गोळा आणि त्याची बैठक यांमध्ये वाळूचा कण अडकला की पाण्याची पिचकारी उडते, आणि रात्रीच्या पाळीला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ग्लोब व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारा भाग) उन्हाळ्यात ठिबकू लागली होती, ती पॅकिंग आवळताच थांबली. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह मात्र झुलत्या झडपेचा न घेता स्प्रिंगचा घ्यावा, असे मी सुचवीन; वीज अचानक गेल्यावर परतणाऱ्या पाण्याने झडप धाडकन आपटते आणि तो हादरा थेट फ्लँजच्या (पाइपांच्या जोडकड्यांच्या) मधल्या गॅस्केटला, म्हणजे गळती रोखणाऱ्या चकतीला, बसतो. आमच्याकडे एक गॅस्केट बदलावे लागले. हायड्रोसायक्लोनच्या अलीकडे-पलीकडे एकेक गेज असते, तर त्यात दाब किती खर्ची पडतो हे रोज कळले असते. कंपनीने ती सोय मूळ जोडणीतच द्यायला हवी होती.