स्वमग्न मुलासाठी: शेजारची शाळा की विशेष शाळा?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) स्पष्ट समावेश झाला. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड आपण करायची.

विशेष शाळेत वर्ग सहसा लहान असतो. दिवसाचा क्रम चित्रांच्या तक्त्यावर लावलेला असतो: प्रार्थना, डबा, झोपाळा. पुढे काय होणार हे दिसलं की मुलाची घालमेल कमी होते. न बोलणाऱ्या मुलाला चित्रकार्ड देऊन पाणी मागायला शिकवतात. तीच कार्डं घरी फ्रिजवर लागली की आजीलाही नातवाशी संवाद साधता येतो. मला हे फार मोलाचं वाटतं. उणीव एकच, पण मोठी: शाळेतले सवंगडी गल्लीत नसतात.

शेजारच्या शाळेत ते मिळतात. भावंडं एकाच रिक्षातून जातात, वर्गमित्र संध्याकाळी इमारतीखाली भेटतात. पण भरलेल्या वर्गाचा गोंगाट, कर्कश घंटा, अचानक बदललेला तास त्याला सोसेलच असं नाही. नुसतं वर्गात बसवणं म्हणजे सामावून घेणं नव्हे. मदतनीस, शांत कोपरा आणि खेळात त्याला ओढून घेणारी दोन मुलं हवीतच.

माझा कल सांगते. मागणं, थांबणं, ‘नको’ म्हणणं अजून जमत नसेल, तर आधी विशेष शाळा, आणि रोज संध्याकाळी बाग. ते जमू लागलं की शेजारच्या शाळेशी बोला. सुरुवातीला अर्धाच दिवस पाठवा.