धामण-बांबूचे धनुष्य: ठाण्यातील एका पावसाळ्यानंतरचा अनुभव आणि खाचेविषयीची तक्रार

मार्च महिन्यात घेतलेल्या हातघडणीच्या धनुष्याच्या खालच्या टोकाला ऑगस्टच्या अखेरीस बारीक भेग दिसली. ती दोरीच्या खाचेतून निघून मुठीच्या दिशेने सुमारे दोन इंच गेली होती आणि तेवढ्याच भागात बांबूची पाठ, म्हणजे बाण मारणाऱ्यापासून दूरची बाजू, गाभ्यापासून किंचित सुटली होती. साडेनऊ हजार रुपये मोजून घेतलेली वस्तू पहिल्याच पावसाळ्यात दुरुस्तीला आली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. धनुष्य सपाट भुजांचे (भुजा म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग), ६६ इंच लांबीचे, धामण या झाडाच्या लाकडाच्या गाभ्यावर बांबूची पाठ चिकटवलेले आणि २८ इंच ओढीला ३५ पौंडांचे, म्हणजे दोरी तेवढी ओढायला ३५ पौंडांचा जोर लागणारे, आहे. या रचनेची धनुष्ये आता अनेकांच्या हातात आहेत, त्यामुळे तिचे अधिक वर्णन करत नाही.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल तक्रारीला जागा नाही. ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी वाढते, अखेरच्या दोन इंचांत एकदम जड होत नाही आणि बाण सुटल्यावर हाताला बसणारा झटका या किमतीच्या लाकडी धनुष्यात मी अपेक्षिला होता त्याहून पुष्कळच कमी आहे. त्याचे कारण भुजांची टोके निमुळती व हलकी तासलेली आहेत. राष्ट्रीय स्पर्धांतील इंडियन राउंड या साध्या लाकडी-बांबूच्या धनुष्यांच्या प्रकारात ५० आणि ३० मीटर ही दोन अंतरे असतात. त्यांपैकी ३० मीटरवर हे धनुष्य मे महिन्यात इतके भरवशाचे झाले होते, की मैदानावर कंपाउंड, म्हणजे चाकांची आधुनिक धनुष्ये, वापरणारी मुलेही ते हातात घेऊन पाहत. सोबत दिलेली दोरी डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, होती आणि ती निवड योग्यच होती, कारण न ताणणाऱ्या आधुनिक दोरीचा धक्का लाकडी टोकांना सोसत नाही. मुठीवरचे चामडे साधे आहे. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

जूनच्या मध्यानंतर चित्र बदलले. आम्ही कोलशेतला खाडीच्या बाजूला राहतो आणि पावसाळ्यात येथील हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या खाली येत नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. हवा ५० टक्के आर्द्र असेल तर लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावते, ८० टक्क्यांना ते १६ च्या आसपास जाते आणि ९० टक्क्यांना २० च्या जवळ पोहोचते. धनुष्यासाठी ८ ते १० टक्के हे प्रमाण उत्तम मानतात. त्यापेक्षा लाकूड ओले झाले, की ओढताना दाब सोसणारे पोट, म्हणजे बाण मारणाऱ्याकडची बाजू, दबते आणि पुरते परत उलगडत नाही. दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलेच राहते. आमच्या धनुष्याने मार्चमध्ये सुमारे एक इंच बाक धरलेला होता, जो नव्या धनुष्यात चालण्यासारखा आहे. ऑगस्टअखेर तो पावणेदोन इंचांवर गेला. सामान तोलण्याच्या हुकाच्या काट्यावर ओढून पाहिले तेव्हा ३५ पौंडांचे ३१ झाले होते. ३० मीटरवर बाण ठरलेल्या जागेपेक्षा वीतभर खाली लागू लागले, ते याचमुळे.

या काळात सर्वांत उपयोगी पडला तो स्वयंपाकघरातला वजनकाटा. मार्चमध्ये धनुष्य दोरीशिवाय ६१२ ग्रॅम होते, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ६४० भरले. वाढलेले २८ ग्रॅम हे केवळ हवेतून आणि टोकांतून शोषलेले पाणी आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून पाहता पाण्याच्या प्रमाणात सुमारे पाच टक्क्यांची भर पडली होती. लाकडातील ओल मोजणाऱ्या यंत्राच्या टोकदार सुया धनुष्याच्या पोटात खुपसण्यापेक्षा ही पद्धत बिनखर्चाची आणि निर्धोक आहे. लाकडी धनुष्य घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी त्याचे वजन करून ते मुठीच्या आत लिहून ठेवावे.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. धनुष्याला सर्वत्र जवसाच्या तेलाचे हात दिलेले होते आणि वर मेण होते. दिसायला ते सुंदर दिसते, परंतु जवसाचे तेल बाष्प फारसे अडवत नाही. तरीही तेवढ्यावर मी कारागिराला दोष दिला नसता, कारण कोणताही लेप बाष्प कायमचे अडवत नाही, तो फक्त वेळ काढतो. माझा आक्षेप खाचांबद्दल आहे. भुजेच्या दोन्ही टोकांना कानशीने कापलेल्या खाचांत तेलाचा थेंबही नव्हता. कापलेले लाकूड जसेच्या तसे उघडे होते. खाच तिरपी कापली, की लाकडाचे तंतू आडवे छेदले जातात आणि त्यांची तोंडे बाहेर येतात. या तोंडांतून पाणी जितक्या वेगाने आत जाते, तितक्या वेगाने ते भुजेच्या सपाट अंगातून कधीच जात नाही. फरक कित्येक पटींचा असतो. शिवाय दोरी चढवताना आणि धनुष्य उभे ठेवताना खालचे टोक जमिनीला टेकते, जमीन पावसाळ्यात ओलसर असते, आणि जो भाग सर्वांत अधिक पाणी पिण्यास उघडा आहे तोच पाण्याच्या सर्वांत जवळ येतो. त्यात प्रत्येक बाणाला दोरीचा संपूर्ण झटका त्याच दोन छोट्या खाचांवर येऊन थांबतो. ओले, मऊ झालेले तंतू आणि त्यांवर वारंवार बसणारा हा झटका यांचा परिणाम भेगेशिवाय दुसरा काय होणार होता?

ही अडचण आजची नाही आणि तिचा उपायही आजचा नाही. इंग्लंडचे मेरी रोझ हे जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली समुद्रातून वर काढले गेले. त्यावर यू (yew) या झाडाच्या लाकडाची शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. त्यांच्या टोकांवर शिंगाच्या टोप्या बसवलेल्या होत्या. शिंग जवळपास सगळे नष्ट झाले, पण टोप्यांखाली झाकलेल्या लाकडाचा वेगळा रंग टिकून राहिला. मऊ लाकडात दोरी रुतू नये म्हणून टोकाला कठीण पदार्थ जोडावा, हे त्या काळी सैनिकांच्या घाऊक धनुष्यांनाही लागू होते. साडेनऊ हजारांच्या एकेका धनुष्याला ते लागू नसावे, हे मला पटत नाही.

कारागिराला छायाचित्रे पाठवल्यावर पहिले उत्तर आले ते असे, की लाकूड पावसाळ्यात असे वागणारच आणि हमीत ते बसत नाही. दुरुस्तीसाठी धनुष्य परत पाठवा, असे त्यांनी सुचवले. साडेपाच फूट लांबीच्या पार्सलचा जाण्या-येण्याचा खर्च अडीच हजारांच्या पुढे जात होता, म्हणजे वस्तूच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. बांबूची पाठ गरजेपेक्षा जाड ठेवली असावी, असे तोवर माझे मत बनले होते. बांबूच्या बाहेरच्या थरातील दाट तंतू ताण इतका सहज सोसतात, की पाठ जाड राहिली तर ती पोटाच्या लाकडावर मात करते आणि पोट चिरडले जाते. या जातीच्या धनुष्यांतील तो सर्वपरिचित दोष आहे, आणि वाढलेला बाक पाहून तोच कयास योग्य वाटत होता.

दुरुस्ती शेवटी ठाण्यातच करायची ठरली आणि तेव्हा हे मत मला बदलावे लागले. कोपरीतील आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी सुटलेल्या भागाजवळ पट्टीने जाडी मोजली. बांबू मुठीजवळ जेमतेम तीन मिलिमीटर आणि टोकाकडे त्याहून पातळ होत गेलेला निघाला, पेरांचे उंचवटे न कापता राखलेले होते, आणि पोटावर आडव्या सुरकुत्यांची, म्हणजे लाकूड दाबाने चिरडल्याची, एकही खूण नव्हती. ज्याने एवढे काम इतक्या समजुतीने केले त्याचे कसब उत्तम आहे, हे मी येथे स्पष्ट लिहितो. भुजा रुंद आणि लांब ठेवल्यामुळेच एवढी ओल पिऊनही धनुष्य तुटले नाही; हीच ओढ अरुंद भुजांवर असती, तर पोट निश्चितच गेले असते. धामणासारखे लवचीक लाकूड निवडणे हाही चांगलाच निर्णय होता. म्हणून तर त्या दोन उघड्या खाचा अधिकच खटकतात.

ओल्या लाकडावर गोंद धरत नाही, त्यामुळे आधी सुकवणे आले. ऊन, हीटर किंवा दिव्याची ऊब देण्याचा मोह टाळावा, कारण बाहेरचा थर आधी आकसतो आणि नव्या भेगा पडतात. आपल्याकडे बांबूच्या वस्तू चुलीवर धुराच्या जागी टांगत, त्यामागे मंद आणि सतत सुकवण्याचाही विचार होता. सदनिकेत चूल नाही, म्हणून तीन इंची पीव्हीसी नळीचा सहा फुटांचा तुकडा घेतला, दोन्ही बाजूंना झाकणे बसवली आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कापडी पिशव्या व आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ ठेवले. सगळे मिळून नऊशे रुपयांच्या आत झाले. जेल ओले झाले, की जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते. नळीतील आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांत राखली. काही आठवड्यांनी धनुष्य ६१६ ग्रॅमवर आले आणि बाक सव्वा इंचापर्यंत उतरला. मूळचा एक इंच परत मिळाला नाही आणि मिळणारही नाही.

त्यानंतरचे काम सुतारकाकांनी माझ्यासमोर केले. भेगेत आणि सुटलेल्या पाठीखाली अगदी पातळ झटपट गोंद सोडला, जो आपोआप आतपर्यंत ओढला जातो, आणि पकडीत दाबून ठेवले. मग टोकाची बांबूकडची बाजू सपाट घासून त्यावर शिसवीचा सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, बसवला. हा तुकडा जुन्या पलंगाच्या पायाचा होता, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. नवी खाच गोल कानशीने केवळ या शिसवीत कापली, तिच्या कडा गोल केल्या आणि खालची जुनी खाच इपॉक्सीने भरून बंद केली, म्हणजे आता भुजेचे लाकूड कोठेही कापलेले राहिले नाही. भेगेच्या भागावर रेशमी धाग्याचे वेढे इपॉक्सीत भिजवून घट्ट बसवले. वरच्या टोकाला भेग नव्हती, तरी तेथेही हेच करून घेतले. मजुरी साडेसातशे रुपये झाली. शेवटी खाचांसह संपूर्ण धनुष्याला चपडा लाखेचे पातळ हात दिले. तेलाच्या तुलनेत लाख बाष्प पुष्कळ चांगले अडवते आणि पुढे कधी खरवडायची वेळ आली, तर स्पिरिटने निघते.

टिलरिंग, म्हणजे दोन्ही भुजांच्या वाकण्याचा मेळ, मात्र बिघडले होते. खालच्या भुजेने अधिक ओल घेतल्यामुळे ती नरम पडली होती. मार्चमध्ये दोरी आणि भुजा यांतील अंतर वरच्या बाजूला चार मिलिमीटरने अधिक होते, आता ते उलट खालच्या बाजूला सहा मिलिमीटरने अधिक भरत होते. येथे कारागिराशी पुन्हा बोललो आणि त्यांच्याविषयीचे माझे मत काहीसे निवळले. त्यांनी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास देऊन, वरच्या भुजेचे पोट मुठीपासून नेमके कोणत्या पट्ट्यात आणि किती खरवडायचे ते सांगितले, बांबूला हात लावू नका असे बजावले आणि प्रत्येक खरवडणीनंतर धनुष्य अर्ध्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा ओढून मगच पुन्हा मोजा, असे सुचवले. सुतारकाकांनी काचेच्या तुकड्याने तेवढेच हलके खरवडले. लाख त्या पट्ट्यात पुन्हा द्यावी लागली, पण वरचे अंतर तीन मिलिमीटरने अधिक झाले आणि धनुष्य ३३ पौंडांवर स्थिरावले. दोन पौंड कायमचे गेले. सरावासाठी ते चालेल. मूळच्या ३५ पौंडांना जुळवून घेतलेले बाण मात्र आता थोडे ताठ पडतात, म्हणजे सुटताना पुरेसे वाकत नाहीत, आणि डावीकडे जातात.

दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत वजन ६१४ ग्रॅमवर आहे, शिसवीच्या खाचेत दोरीची खूणही उमटलेली नाही आणि ३० मीटरवरचा भरवसा परत आला आहे. आज हे धनुष्य पुन्हा घ्यायचे असते, तर या किमतीत मी हेच घेतले असते, परंतु पैसे देण्यापूर्वी टोकांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागितली असती आणि खाच उघडी दिसली असती, तर ती बंद करून मिळेपर्यंत आगाऊ रक्कमही दिली नसती. कारागिरांनी मागच्या आठवड्यात कळवले, की नव्या धनुष्यांना हवी असल्यास शिसवीची टोके लावून देतील आणि त्याचे पाचशे रुपये जादा पडतील. मी त्यांना लिहिले आहे, की कोकणपट्टीत विकल्या जाणाऱ्या धनुष्यात बंद खाच ही हौसेची वस्तू नव्हे. ती मूळ किमतीतच धरली पाहिजे, आणि किमान कापलेल्या लाकडावर इपॉक्सीचा एक हात तरी विनामूल्य दिलाच पाहिजे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.