पॅटिसिरान आणि व्हुट्रिसिरान: जनुक शांत करण्याचे दोन मार्ग

आनुवंशिक ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसमध्ये यकृतात तयार होणारे सदोष प्रथिन मज्जातंतूंमध्ये आणि हृदयात साचत जाते. ते तयारच होऊ नये म्हणून दिली जाणारी ही दोन्ही औषधे म्हणजे त्याचे जनुक शांत करणारे आरएनएचे छोटे रेणू. त्यांच्यातला मुख्य फरक वाहनाचा, म्हणजे तो रेणू यकृतपेशीपर्यंत नेणाऱ्या साधनाचा आहे.

अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान मेदाच्या नॅनोकणांत बंदिस्त असते. रक्तात शिरताच या कणांवर अपोलिपोप्रोटीन-ई हे मेद वाहून नेणारे प्रथिन चिकटते, त्या ओळखीवर यकृतपेशी त्यांना आत घेतात, आणि पेशीतील पिशवीत आम्लता वाढली की कणातील मेद धनभारित होऊन पिशवीचे पटल फोडतो. रचना विलक्षण आहे. परंतु रुग्णाला दर तीन आठवड्यांनी सुमारे 80 मिनिटे शिरेतून औषध घ्यावे लागते, तेही आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीरोधक औषधे घेऊन.

2022 मध्ये मान्य झालेल्या व्हुट्रिसिरानला कण लागतच नाही. आरएनएलाच जोडलेली गॅलनॅक ही शर्करा यकृतपेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) नेमकी पकडतो. त्यामुळे तीन महिन्यांतून एकदा त्वचेखाली 25 मिलिग्रॅमचे इंजेक्शन पुरते. हातापायांतली शक्ती गमावत चाललेल्या माणसासाठी हा दिलासा मोठा आहे, म्हणून यकृतापुरते माझे मत निःसंशय व्हुट्रिसिरानच्या बाजूने आहे. मात्र संदेशवाहक आरएनएसारखा लांबलचक, नाजूक रेणू पोहोचवायचा असेल, तर एवढ्या शर्करेवर भागत नाही. तिथे नॅनोकणांचे कवचच लागते.