गाडीच्या कामाला घरातली हत्यारं की गोटी सेट? कोकणात राहणाऱ्यांसाठी

गावच्या घरी गाडी उभी असते, जवळचं गॅरेज दहा-पंधरा किलोमीटरवर, आणि पावसात तिथवर जाणंही धड होत नाही. अशा वेळी हात आपोआप पडवीतल्या हत्यारांकडे जातो. पकड, पहार, कोयता, पाण्याच्या पाइपाचा उरलेला तुकडा, रॉकेलची बाटली. एवढ्यावर भागेल की पैसे घालून गोटी सेट, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या सॉकेट पान्यांचा संच, घ्यावा, असा प्रश्न पडला असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. समुद्रापासून दोन किलोमीटरवर मी गाडी सांभाळतो, तेव्हा खाऱ्या वाऱ्याचा हिशेब यात धरलेला आहे.

आधी नटाचं बोलू, कारण इथला खरा शत्रू गंज आहे. घाटावर जो नट साध्या पान्याने सुटतो तो आपल्याकडे चार पावसाळ्यांनंतर जागचा हलत नाही. घरात सहसा पकड आणि सरकता पाना असतो. दोन्हींची पकड सैल असते. जोर लावला की पाना निसटतो आणि नटाचे कोपरे झिजतात. एकदा कोपरे गोल झाले की पुढे छिन्नी किंवा वेल्डिंगच. श्रावणातल्या एका संध्याकाळी सायलेन्सरच्या पट्टीचा नट मी असाच घालवला, आणि दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागले.

म्हणून इथे घरचा पर्याय सरळ हरतो. गोटी घेताना आत सहा कोन असलेली घ्या, बारा कोनांची नको. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजूवर जोर देते, बारा कोनांची कोपऱ्यांवर, आणि गंजलेल्या नटाचे कोपरेच आधी जातात. भला मोठा सेट लागत नाही. मारुती, टोयोटा, होंडा अशा जपानी वळणाच्या गाड्यांना 10, 12, 14 आणि 17 मिलिमीटरच्या गोट्यांत बहुतेक काम होतं. युरोपीय घडणीच्या गाडीला 13 ची हवीच.

मात्र नट सैल करण्याआधीच्या तयारीत घर मागे पडत नाही. गंज सोडवायचा स्प्रे पंधरा-वीस मिनिटांत काम करतो. रॉकेल किंवा डिझेल रात्रभर मुरू दिलं तर तेही आट्यांत उतरतं. घाई नसेल तर स्प्रेवर खर्च करू नका. खोबरेल तेल मात्र यासाठी वापरू नये. ते दाट असतं, धूळ धरतं, आणि 24 अंशांच्या खाली थिजतं. पौषातल्या सकाळी त्याचा गोळाच होतो. तेल मुरलं की नटाला हातोडीने हलके ठोके द्या, आधी किंचित आवळा, मग सोडवा.

चाकाच्या नटांना पाइपाचा तुकडा उत्तम. 25 सेंटिमीटरचा पाना पाइप घालून 75 सेंटिमीटर झाला की तोच जोर तिप्पट होतो. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करून घ्यायचे. पण हा पाइप फक्त सोडवायला. आवळताना तो घातला तर आटे ताणले जातात, बोल्ट तुटू शकतो. लहान गाड्यांच्या चाकांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी 29 ते 37 किलोंचा दाब. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. नट समोरासमोरचे आवळावेत, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

आता चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड. खळ्यात चिरे पडलेलेच असतात, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली दोन चिरे रचून आत शिरणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. जांभा सच्छिद्र असतो, भिजला की आणखी कच्चा होतो, आणि फुटताना आधी कसलीच खूण देत नाही. आमच्या वाडीत एकाचा चिरा असाच मधोमध फुटला. माणूस तेव्हा पाणी प्यायला बाहेर आला होता म्हणून वाचला. गाडीखाली जायचं असेल तर लोखंडी स्टँडची जोडी घ्या, शिवाय काढलेलं चाक दाराखालच्या कडेशी आडवं सरकवून ठेवा. स्टँड घेणं जमत नसेल तर गाडीखालचं काम गॅरेजवाल्याकडेच द्या. गाडी घरंगळू नये म्हणून चाकामागे लावायला मात्र चिरा उत्तम. आणि भिजलेल्या तांबड्या मातीत जॅक रुतू नये म्हणून खाली फणसाची किंवा ऐनाची दोन इंच जाडीची फळी टाका. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको.

बॅटरीच्या बाबतीत घरच जिंकतं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घालवायला ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश पुरतो. सोडा आम्ल मारतो. फक्त ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. आधी काळी वायर सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. कोरडं झाल्यावर व्हॅसलिनचा हात फिरवला की खारी हवा बरेच दिवस लांब राहते.

कूलंटचा पाइप वाटेत फुटला तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वर तार आवळा. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठण्यापुरतं ते चालतं, त्यापुढे नवा पाइपच.

फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद कधीच नको. 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा असे चार फ्यूज गाडीत टाकून ठेवणं अगदी स्वस्त आहे, आणि पावसात वायरिंग ओलं झालं की गाडी पेटण्यापासून तेच वाचवतात. ब्रेकच्या डबीत ब्रेक ऑइल सोडून दुसरं कुठलंही तेल ओतू नये. आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातात.

तेव्हा घेण्याचा क्रम असा ठेवा: पहिल्यांदा सहा कोनांच्या चार-पाच गोट्या आणि त्यांचा दांडा, मग फ्यूज, गाडीखाली जाणार असाल तर स्टँडची जोडी. बाकीचं पडवीतून निभतं.

आणलेल्या गोट्यांनाही इथे गंज चढतो, दुकानदार काहीही सांगो. मी त्या जुन्या इंजिन ऑइलच्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या लोणच्याच्या बरणीत ठेवतो. तीन पावसाळे झाले, अजून चकाकतात.