गॅसजाळ्याच्या नियोजनाचे सॉफ्टवेअर : वाढीचे गणित पक्के, माघारीचे कच्चे

गॅसवितरणाच्या जाळ्याचा पुढील 25 वर्षांचा आराखडा करण्यासाठी आमच्या विभागाने घेतलेले सॉफ्टवेअर मी आठ महिने वापरले. मूळ आकडेमोडीबद्दल तक्रार नाही. वाहिनीचा व्यास, प्रवाह आणि दाब यांचे गणित प्रत्यक्ष नोंदींशी चांगले जुळते आणि एखादी झडप बंद केल्यास कोणत्या भागातला दाब किती उतरेल, हे काही सेकंदांत नकाशावर दिसते.

अडचण सुरू होते ती मागणीतील घट मांडताना. 40 टक्के घट सांगितली, की हे सॉफ्टवेअर प्रत्येक जोडणीचा वापर 40 टक्क्यांनी कमी करून मोकळे होते. प्रत्यक्षात मात्र एक घर उष्मापंप (गॅसऐवजी विजेवर घर तापवणारे यंत्र) बसवून जोडणी तोडते, शेजारचे तोडत नाही आणि त्या एका घरासाठी अख्ख्या रस्त्याखालची वाहिनी दाबाखाली ठेवावी लागते, तिची गळतीतपासणी व दुरुस्तीही चुकत नाही. खर्चाचा मोठा भाग वाहून नेलेल्या गॅसवर नव्हे, तर जमिनीखालच्या किलोमीटरांवर ठरत असल्यामुळे उरलेल्या ग्राहकांचा स्थिर आकार वाढतो, तो वाढला की आणखी काही जण बाहेर पडतात, आणि शेवटी मागे राहतात ते बहुधा भाडेकरू किंवा नवी उपकरणे न परवडणारे लोक. म्हणून कोणती शाखा कधी आणि कोणत्या क्रमाने बंद करायची, हाच खरा प्रश्न आहे. त्यासाठी येथे आहे ते फक्त ‘वाहिनी पुसा’ हे बटण! वाहिनी तोडणे, आतला गॅस काढणे, टोके बंद करणे यांचा खर्च शून्य धरला जातो.

शाखाबंदीचे नियोजन सॉफ्टवेअरकडून मागणे जगावेगळे नाही. नेदरलँड्समध्ये 2018 पासून नव्या घरांना सहसा गॅसजोडणी दिली जात नाही, आणि जेथे मागणी घटणार आहे तेथे वितरकांनी जाळे बंद करण्याचे आराखडे करावेत, असे युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशात म्हटले आहे.

नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळण्याचा भाग तर दिशाभूल करणारा आहे. आकारमानाने 20 टक्के मिश्रण निवडल्यावर उत्सर्जनही 20 टक्क्यांनी घटलेले दिसते. तेवढ्याच आकारमानातल्या हायड्रोजनमध्ये मिथेनच्या (नैसर्गिक वायूच्या मुख्य घटकाच्या) जेमतेम एक-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे खरी बचत सुमारे 7 टक्के येते, आणि तीही हायड्रोजन उत्सर्जनाविना तयार झाला असेल तरच. वाहिनी पोलादी आहे की पॉलिएथिलीनची, हे मात्र सॉफ्टवेअर आधी विचारते. हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होऊ शकते, हे कोणाच्या तरी लक्षात होते.

घसाऱ्यासाठी सर्व वाहिन्यांना एकच आयुर्मान द्यावे लागते. आज टाकलेली वाहिनी 2045 मध्ये बंद होणार असेल, तर तिची किंमत तोपर्यंतच वसूल व्हायला हवी. हा हिशेब मी वेगळ्या तक्त्यात हाताने केला. विक्रेत्याचे उत्तर दोन दिवसांत येते, पण शाखाबंदीबाबत ‘पुढील आवृत्तीत’ याखेरीज काही मिळाले नाही. खरेदी करणाऱ्याने आधी विक्रेत्याला आपल्या जाळ्यातली एक शाखा खर्चासह बंद करून दाखवायला सांगावे.